सशाच्या केसावरचा हिमस्फटिक

जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर हिवाळाभर बर्फ पडतो. तेथील विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या उकिचिरो नाकाया यांनी १९३०च्या दशकात तोकाची पर्वतावर मुक्काम करून हिमस्फटिकांची असंख्य छायाचित्रे घेतली. त्यांवरून आकारांची वर्गवारी जमली. पण कोणता आकार केव्हा घडतो, हे कळायचे तर स्फटिक प्रयोगशाळेतच वाढवायला हवा होता.

हिमस्फटिक म्हणजे गोठलेला पावसाचा थेंब नव्हे. ढगातील सूक्ष्म थेंब शून्याखाली कित्येक अंश उतरूनही द्रवरूपच राहतात, आणि धुळीच्या कणाचा आधार मिळालेला एखादाच आधी गोठतो. बर्फावरील बाष्पदाब पाण्यावरील बाष्पदाबाहून कमी असल्याने भोवतालचे थेंब आटत जातात, त्यांची वाफ थेट त्या बर्फकणावर जमते आणि पाण्याच्या रेणूंच्या षटकोनी रचनेनुसार त्याला सहा बाजू येतात. पुढे आलेल्या कोपऱ्यांना वाफ अधिक मिळते, म्हणून ते आणखी पुढे सरकतात. फांद्या फुटतात त्या अशा.

प्रयोगशाळेत मात्र हा स्फटिक टांगायचा कशावर? साध्या धाग्यावर सगळीकडे हिम दाटत असे. अखेर सशाचा केस उपयोगी पडला, कारण त्यावरील बारीक गाठींवर स्फटिक सुटे सुटे वाढत. १२ मार्च १९३६ रोजी पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार झाला.

त्यानंतर तापमान आणि आर्द्रता बदलत नाकायांनी आकारांचा नकाशाच आखला. उणे २ अंशांच्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ला सुया आणि स्तंभ, तर उणे १५ला, भरपूर बाष्प असल्यास, शुभेच्छापत्रांवर दिसणारे फांद्यांचे तारे. (प्रत्यक्षात असे निर्दोष तारे थोडेच असतात, बहुतेक हिमस्फटिक वेडेवाकडे, मोडके असतात.) ताऱ्याच्या सहा फांद्या एकमेकींशी जुळतात, त्यामागे कोणताही परस्परसंबंध नसतो, स्फटिक एवढा लहान असतो, की त्याच्या सर्व टोकांना एकाच वेळी जवळजवळ सारखीच हवा लाभते.

म्हणूनच दोन्ही टोकांना चकत्या असलेला, दोऱ्याच्या रिळासारखा दिसणारा स्तंभ हातमोज्यावर उतरला, तर तो आधी स्तंभाच्या तापमानात वाढला आणि मग चकत्यांच्या थरात शिरला, हे जमिनीवर उभे राहूनच सांगता येते.