एका दाबात किती?

(शाळांतील शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि आरोग्यसेविका यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

टेबलावर तीन बाटल्या आहेत. एकीत नेहमीचा दाट हँडवॉश, दुसरीत फेस येणारा हँडवॉश आणि तिसरीत सॅनिटायझर. तिन्हींवर पंप आहे आणि लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. दाबलं की काहीतरी हातावर पडतं, एवढंच आपण बघतो. किती पडतं, ते कोण ठरवतं आणि ते आपल्या हातात आणता येतं का, हे मला आज सांगायचं आहे. प्रश्न छोटा वाटेल. पण तुमच्यापैकी ज्यांच्या वसतिगृहात साबणाचा कॅन महिनाअखेरीच्या आत संपतो आणि मग मुलं नुसत्या पाण्याने हात धुऊन जेवायला बसतात, त्यांच्यासाठी तो छोटा नाही.

हा एक पंप मी उघडून आणला आहे. वरचं हे डोकं, जे आपण दाबतो. त्याला जोडलेली पोकळ दांडी. दांडीच्या टोकाला दट्ट्या. दट्ट्या ज्यात वरखाली होतो ती ही छोटी नळकांडी, तिला आपण चेंबर म्हणू. चेंबरमध्ये स्प्रिंग. तळाशी काचेची किंवा स्टीलची एवढीशी गोळी, आणि तिच्याखाली बाटलीच्या बुडापर्यंत जाणारी लांब नळी. डोकं दाबलं की दट्ट्या खाली येतो, गोळी आपल्या खोबणीत घट्ट बसते, खालची वाट बंद होते आणि चेंबरमधला साबण दांडीतून वर चढून तोंडातून बाहेर पडतो. हात काढला की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते, चेंबरमध्ये पोकळी होते, गोळी उचलली जाते आणि नळीतून नवा साबण आत ओढला जातो. गावातल्या जुन्या हापशाचं तत्त्व हेच. फरक एवढाच की इथे दांडा उचलायचं काम स्प्रिंग करते.

म्हणजे तुम्ही दाबता तेव्हा हातावर पडतो तो साबण आधीच्या वेळी चेंबरमध्ये भरून ठेवलेला असतो. जोरात दाबल्याने जास्त येत नाही, हळू दाबल्याने कमी येत नाही. दट्ट्या किती अंतर खाली गेला, यावर सगळं ठरतं.

आता थोडा हिशेब. चेंबरचा आतला व्यास 12 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल, म्हणजे स्ट्रोक, 18 मिलिमीटर असेल, तर वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 113 चौरस मिलिमीटर. त्याला 18 ने गुणा: 2,034 घन मिलिमीटर. एक हजार घन मिलिमीटर म्हणजे एक मिलिलिटर. तर हा पंप पूर्ण दाबला की दोन मिलिलिटर देतो. आठवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घ्या. वृत्तचितीचं घनफळ कशासाठी शिकायचं, हा मुलांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो, कारण सूत्र त्यांच्या बेसिनवर ठेवलेलं असतं.

व्यास आपण बदलू शकत नाही, तो साच्यात ठरलेला असतो. चाल मात्र बदलता येते, आणि त्यासाठी पंप उघडावाही लागत नाही. डोकं वर असताना त्याची खालची कड आणि बाटलीच्या गळ्यावरची कॉलर यांच्यामध्ये जेवढी दांडी उघडी दिसते, साधारण तेवढी दट्ट्याची चाल असते. त्या उघड्या दांडीभोवती एक कडं बसवलं की डोकं कड्यावर येऊन थांबतं. कडं निम्म्या उंचीचं असेल तर साबण निम्मा. आपल्या उदाहरणात 9 मिलिमीटरचं कडं म्हणजे एका दाबाला एक मिलिलिटर.

कडं कशाचं करायचं? घरात लोक रबरबँड गुंडाळतात. काम होतं, पण रबर दाबलं जातं, त्यामुळे माप पक्कं राहत नाही, आणि त्याच्या वेटोळ्यांत साबण-पाणी साचून चिकट होतं. माझ्या मते सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे गवंडी पाणपातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. पंपाची दांडी सोबत न्या आणि तिच्यावर सैलसर बसेल अशी ट्यूब घ्या. ब्लेडने हवा तेवढा तुकडा सरळ कापा, मग त्याला उभी चीर द्या. चीर फाकवून तुकडा दांडीवर चढवला की तो आपोआप मिटतो. काढायचा असेल तेव्हा नखाने निघतो. हे बघा, बसला. आता दाबते. डोकं इथेच थांबलं. कॉफीच्या दुकानांत सिरपच्या पंपांवर अशीच तयार कडी वापरतात, म्हणजे प्रत्येक कपात गोडी सारखी राहते.

यात एक अडचण येते, आणि ती माहीत नसली की लोक "हे काही चालत नाही" म्हणून कडं फेकून देतात. नव्या बाटलीच्या पंपात साबण नसतो, हवा असते. हवा दाबली जाते, आक्रसते, आणि हात काढला की पुन्हा फुगते. पूर्ण चाल असेल तर काही दाबांत हवा बाहेर पडते आणि साबण वर येतो. चाल निम्मी केली तर चेंबरमध्ये उरलेली हवा नुसती आक्रसत-फुगत राहते, पुरेशी पोकळी तयार होत नाही आणि साबण नळीत अर्ध्यावर लोंबकळतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी कड्याशिवाय पूर्ण दाबून साबण वर आणायचा, धार एकसारखी झाली की मग कडं चढवायचं. बाटली पुन्हा भरली की पुन्हा तेच. नाकात मारायच्या औषधी स्प्रेच्या खोक्यावर "पहिल्यांदा वापरण्यापूर्वी काही वेळा हवेत दाबा" असं लिहिलेलं असतं, त्याचंही कारण हेच. हवा गेल्याशिवाय माप खरं नसतं.

दुसरी गोष्ट दाटपणाची. साबण फार दाट असेल, किंवा थंडीत घट्ट झाला असेल, तर दट्ट्या वर यायला वेळ लागतो. मुलं घाईने लागोपाठ दाबतात, चेंबर पुरतं भरत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला कमी येतं. डोकं पूर्ण वर येऊ द्या, मगच पुन्हा दाबा, हे मुलांना एकदा करून दाखवलं की त्यांच्या लक्षात राहतं.

आणि कडं फार उंच करू नका. साबण बाहेर गेला की त्याच्या जागी बाटलीत हवा शिरावी लागते. बऱ्याच पंपांत ही हवेची वाट दट्ट्या थोडा खाली गेल्यावरच उघडते. अगदी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच चाल ठेवली तर हवा आत जात नाही, बाटलीच्या बाजू आत ओढल्या जातात आणि पंप अडतो.

कडं बसवल्यावर मोजून बघा. मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका, माझ्या आकड्यांवरसुद्धा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण घ्या, त्यात दहा दाब टाका आणि आकड्याला दहाने भागा. झाकण लहान पडलं तर पाच दाब घ्या. एकाच दाबाचं माप घेऊ नका, त्यात चूक फार होते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर आणखी सोपं: हँडवॉशचा एक मिलिलिटर जवळजवळ एक ग्रॅम भरतो.

याने काय साधतं? समजा साठ मुलींचं वसतिगृह आहे आणि प्रत्येक मुलगी दिवसातून पाच वेळा साबणाने हात धुते. दोन मिलिलिटरने रोज 600 मिलिलिटर लागतात, एक मिलिलिटरने 300. महिन्याला नऊ लिटरचा फरक. शिवाय जास्त साबण धुऊन काढायला नळ जास्त वेळ सोडावा लागतो, आणि मार्च उजाडल्यावर पाण्याच्या टाकीकडे बघत दिवस काढणारी वसतिगृहं आपल्याकडे कमी नाहीत. मात्र एक मिलिलिटर हा आकडा दगडावरची रेघ नाही. जागतिक आरोग्य संघटनेची हात धुण्याची सूचना मिलिलिटरमध्ये नाही. हातांचा सगळा पृष्ठभाग झाकला जाईल एवढा साबण घ्या, असं ती सांगते. पहिलीतल्या मुलाचा हात आणि शेतातून आलेल्या माणसाचा मातीने माखलेला हात यांना एकच माप कसं पुरेल? तुमच्याकडच्या मुलांचे हात बघा, त्यांना धुऊ द्या आणि त्यावरून कड्याची उंची ठरवा.

आता मी ज्यासाठी मुख्यतः आले आहे ते सांगते. साबण पुरवायचा म्हणून आपण काय करतो? त्यात पाणी घालतो. बाटली अर्धी झाली की पाणी, तळ दिसला की पुन्हा पाणी, खळबळून पुन्हा जागेवर. घरोघरी हे चालतं आणि काटकसर म्हणून त्याचं कौतुकही होतं. कृपा करून हे थांबवा. हँडवॉशमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक द्रव्य घातलेलं असतं आणि ते त्या मूळ दाटपणाला पुरेल एवढंच असतं. पाणी घातलं की तेही पातळ होतं. वर टाकीतल्या पाण्यातून जंतू येतात ते वेगळेच. ओल्या, अर्धवट भरलेल्या, कधीच न धुतलेल्या बाटलीत मग स्यूडोमोनास, सेरॅशिया यांसारखे जिवाणू आरामात वाढतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी दूषित झालेल्या द्रवसाबणाने हात धुतले, तेव्हा हातांवरचे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, म्हणजे स्यूडोमोनास आणि सेरॅशिया ज्या गटात मोडतात ते, धुण्याआधीपेक्षा जास्त भरले. मुलांनी सांगितलेलं सगळं नीट केलं होतं. दोष बाटलीत होता.

म्हणून साबण वाचवायचा तर पंपाची चाल कमी करा, साबण पातळ करू नका. "पोरांनो, कमी घ्या" असं रोज ओरडूनही काही होत नाही, कारण भुकेलेलं मूल डोकं बुडापर्यंत दाबणारच. ते वागणं चुकीचं नाही. माप मुलाच्या शहाणपणावर सोडण्यापेक्षा पंपावर बसवलेलं बरं.

फेसाच्या बाटलीबद्दल थोडक्यात. तिच्यात साबणाचं चेंबर लहान आणि हवेचं मोठं असतं. दोन्ही एकत्र येऊन बारीक जाळीतून जातात आणि फेस होतो. त्यामुळे ओंजळभर दिसलं तरी साबण थोडाच असतो. तिच्यात नेहमीचा दाट हँडवॉश भरला की जाळी तुंबते. तिच्यासाठीचाच साबण भरा आणि तिला कडं लावू नका.

आता ही तिसरी बाटली. आरोग्यसेविका ताईंनी इकडे विशेष लक्ष द्या. सॅनिटायझरला कडं कधीही लावायचं नाही. साबण जंतूंना सुटं करतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं, म्हणून साबण थोडा कमी पडला तरी चोळणं आणि पाणी बरंचसं काम करतं. अल्कोहोलच्या मागे पाणी नसतं. ते जिथे पोचलं आणि जितका वेळ ओलं राहिलं तेवढंच त्याचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत तळहाताची ओंजळ करून ती भरेल एवढा द्राव घ्यायला सांगितलं आहे आणि सगळी क्रिया 20 ते 30 सेकंदांची आहे. छोट्या पंपाचा एक दाब मोठ्या हातांना त्याआधीच कोरडं करतो. घड्याळ लावून चोळून बघा. वीस सेकंदांच्या आत हात वाळले तर तुमच्या पंपाला दोन दाब लागतात, आणि ते बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. 2020 मध्ये दारोदारी ठेवलेल्या बाटल्यांतून थेंबभर घेऊन आत जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. त्या थेंबाने समाधान झालं, हात निर्जंतुक झाले नाहीत.

लहान मुलांच्या औषधाला पंपाचं माप कधीच वापरू नका, हेही इथेच सांगून टाकते. त्याच्यासोबत आलेली सिरिंज किंवा झाकण, दुसरं काही नाही.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: आमच्या आजींच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना पंप दाबवत नाही, काय करावं? कड्याचा त्यांनाही उपयोग होईल. स्प्रिंग जितकी खाली जाते तितकी ती जास्त विरोध करते. शेवटचे काही मिलिमीटर सगळ्यात जड असतात आणि कडं नेमके तेच वाचवतं. एकदा दाबून कमी पडलं तर दोनदा हलकं दाबणं त्यांना सोपं जाईल. बाटली बेसिनच्या काठावर ठेवण्यापेक्षा खाली, कोपराच्या पातळीला ठेवा, म्हणजे बोटाऐवजी तळहाताने दाबता येईल.

दुसरी चिठ्ठी: मग बाटली भरायची कशी? पूर्ण संपू द्या. तळाशी राहिलेला साबण सरळ हातावर ओतून वापरून टाका, त्यावर नवा ओतू नका. बाटली गरम पाण्याने धुवा. पंप गरम पाण्याच्या भांड्यात धरून स्वच्छ पाणी येईपर्यंत दाबा, तोंडाशी सुकलेला साबणही त्याने सुटतो. धार आडवी उडते ती बहुतेक वेळा त्या सुकलेल्या साबणामुळे. कडं काढून वेगळं धुवा. बाटली रात्रभर पालथी घालून पूर्ण वाळवा. दोन बाटल्या आलटून पालटून ठेवल्या तर वाळायला वेळ मिळतो. मग साबण भरा, कड्याशिवाय दाबून हवा काढा, आणि धार एकसारखी झाली की कडं चढवा.