तेरा वेळा ते, तीन वेळा त्या
दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या फुटबॉलची गोष्ट

(दृश्य : काठमांडू, त्रिपुरेश्वर. दशरथ रंगशालेचं प्रवेशद्वार.)

काठमांडूतलं हे मैदान म्हणजे दशरथ रंगशाला. राणा राजवटीविरुद्ध उभे राहून १९४१ साली हुतात्मा झालेल्या दशरथ चंद यांचं नाव त्याला दिलेलं आहे. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये काठमांडूत एक नवी स्पर्धा सुरू झाली. सार्क ही संघटना तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण दक्षिण आशियातले सात देश आपापले खेळाडू घेऊन इथे जमले होते. लोकांच्या तोंडी नाव बसलं 'सॅफ गेम्स'. आज आपण तिला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा म्हणतो.

त्या वर्षी पदकतालिकेत भारत पहिला आला. पुढेही दर वेळी भारतच पहिला आला. पण फुटबॉलचं पहिलं सुवर्ण गेलं यजमान नेपाळकडे. अंतिम सामन्यात नेपाळनं बांगलादेशला ४-२ असं हरवलं. धावणं, पोहणं, नेमबाजी, कुस्ती यांत मोठ्या देशाचा दबदबा राहिला, मात्र फुटबॉलनं तो कधी मानला नाही.

पुरुषांचं फुटबॉल या स्पर्धेत १९८४ ते २०१९ या काळात तेरा वेळा खेळलं गेलं. नेपाळची सुवर्णपदकं चार. पाकिस्तानचीही चार. बांगलादेशची दोन. आणि भारताची तीन : १९८५, १९८७ आणि १९९५. मद्रासमधल्या १९९५ च्या त्या विजयानंतर भारतीय पुरुषांना हे सुवर्ण पुन्हा मिळालेलं नाही.

या तेरा स्पर्धांमधली एक कहाणी थांबून ऐकण्यासारखी आहे, ती बांगलादेशची. १९८४ मध्ये अंतिम फेरीत हार. १९८५ मध्ये आपल्याच ढाक्यात, भारताविरुद्ध, पेनल्टी शूटआउटवर हार. १९८९ मध्ये इस्लामाबादेत पाकिस्तानकडून. १९९५ मध्ये मद्रासला पुन्हा भारताकडून. चार अंतिम सामने आणि चारही वेळा रौप्य. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या देशात, जिथे आबाहनी आणि मोहामेडान या दोन क्लबांच्या सामन्यासाठी अख्खं ढाका दोन तटांत वाटलं जायचं, तिथे हे रौप्य किती जड झालं असेल! अखेर १९९९ मध्ये काठमांडूला, दशरथ रंगशालेत, घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणाऱ्या नेपाळला त्यांनी १-० असं हरवलं. गोल अल्फाज अहमदचा. पंधरा वर्षांपूर्वी जिथे पहिलं सुवर्ण हुकलं होतं, तिथेच ते हाती आलं.

(दृश्य : भूकंपानंतरचं काठमांडू. ढिगारे, तंबू.)

२५ एप्रिल २०१५. नेपाळ भूकंपानं हादरला. हजारो माणसं गेली, घरं-देवळं कोसळली, रंगशालेचंही मोठं नुकसान झालं. नेपाळच्या राष्ट्रीय संघाला घरचं मोठं मैदान उरलं नाही. अशा अवस्थेत २०१६ च्या जानेवारीत त्यांनी ढाक्यात बंगबंधू गोल्ड कप जिंकला, आणि महिन्याभरात ते गुवाहाटीत उतरले. अंतिम सामना यजमान भारताशी होता. भारतानं आधी गोल केला. नेपाळनं बरोबरी साधली, मग आघाडी घेतली, आणि सामना २-१ असा जिंकला. नेपाळचं या स्पर्धेतलं आधीचं सुवर्ण होतं १९९३ चं. २०१६ चा हा विजय त्या देशानं कसा साजरा केला असेल, ते समजायला फुटबॉल कळावं लागत नाही.

२०१९ मध्ये स्पर्धा पुन्हा काठमांडूला आली, तोवर दुरुस्त होऊन रंगशाला उभी राहिली होती. भारतानं पुरुषांचा फुटबॉल संघ त्या वर्षी पाठवलाच नाही. अंतिम फेरीत नेपाळसमोर आला भूतान, जो २०१५ साली फिफाच्या क्रमवारीत जगात सगळ्यांत शेवटी होता. नेपाळनं सामना २-१ असा जिंकला, पण भूतान तिथवर पोचला हेच केवढं मोठं होतं.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. २००४ पासून पुरुषांची ही स्पर्धा मुख्यतः २३ वर्षांखालच्या खेळाडूंची झाली. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांत जो प्रघात पडला, तोच इथे आला. त्यामुळे पुरुषांसाठी ही उमेदीच्या पोरांना अजमावून बघण्याची जागा. महिलांच्या स्पर्धेला मात्र वयाचं असं बंधन नाही. तिथे प्रत्येक देशाचा पूर्ण ताकदीचा राष्ट्रीय संघ उतरतो, म्हणजे खरा वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामना तिथे होतो. आणि तरीही कॅमेरे, वार्ताहर, मथळे बहुतेक वेळा पुरुषांच्या मैदानाकडेच वळतात. हे चुकीचं आहे, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं.

(दृश्य : मणिपूर. सकाळचं धुकं, मैदानावर सराव करणाऱ्या मुली.)

महिलांच्या फुटबॉलला या स्पर्धेत जागा मिळाली २०१० मध्ये, ढाक्यात. पुरुषांनंतर तब्बल २६ वर्षांनी. अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ३-१ असं हरवलं. २०१६ मध्ये शिलाँगला पुन्हा भारत आणि नेपाळ, निकाल ४-०. २०१९ मध्ये पोखऱ्याला तिसऱ्यांदा तेच दोन संघ, निकाल २-०. तीन स्पर्धा झाल्या आणि तिन्ही सुवर्णं भारताची.

या सुवर्णांचा माग काढत गेलं की आपण मणिपुरात पोचतो. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्याकडे १९९१ मध्ये सुरू झाली. आज ती राजमाता जिजाबाई करंडक या नावानं खेळली जाते, आणि एकट्या मणिपूरनं ती वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. क्लब नव्हते, करार नव्हते, तेव्हापासून तिथल्या मुली खेळत आल्या. महिलांची राष्ट्रीय लीग आली ती २०१६-१७ च्या हंगामात. त्याआधी खेळाडू जगायच्या त्या पोलीस खात्याच्या किंवा रेल्वेच्या नोकरीवर. नोकरी टिकली तर खेळ टिकायचा.

ओइनम बेमबेम देवी ही त्या काळाची खेळाडू. इंफाळची. १९९५ पासून भारताच्या संघात. मिडफिल्डमध्ये उभी राहून खेळाची लय ठरवणारी. राष्ट्रीय लीग नसलेल्या देशासाठी ती वीस वर्षं खेळली. २०१६ ची शिलाँगमधली स्पर्धा तिची शेवटची ठरली. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारतानं नेपाळला चार गोलांनी हरवलं आणि बेमबेम सुवर्ण घेऊनच निवृत्त झाली. पुढे २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री. हे सन्मान आले ते बूट उतरवल्यानंतर. खेळत असताना तिचे किती सामने आपण टीव्हीवर पाहिले?

(दृश्य : पोखरा. मागे हिमशिखरं, पुढे मैदान.)

डिसेंबर २०१९, पोखरा. महिलांच्या स्पर्धेत चार संघ होते : भारत, नेपाळ, श्रीलंका आणि मालदीव. भारताच्या प्रशिक्षक होत्या मेमोल रॉकी, गोव्याच्या माजी खेळाडू. अंतिम सामना पुन्हा नेपाळशी, नेपाळच्याच प्रेक्षकांसमोर. दोन्ही गोल केले बाला देवीनं.

एनगांगोम बाला देवी मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली, पोलीस खात्यात नोकरीला. पोखऱ्यानंतर काही आठवड्यांतच, २०२० च्या जानेवारीत, स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनं तिच्याशी करार केला. परदेशातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिनं रेंजर्ससाठी पहिला गोलही केला. पोखऱ्यातल्या त्या दोन गोलांबद्दल आपल्याकडे पेपरात किती ओळी आल्या आणि ग्लासगोच्या कराराबद्दल किती, याची तुलना केली तर वाईट वाटतं. पराक्रम आधी इथेच झाला होता.

पण ही गोष्ट फक्त भारताची नाही. मला तर ती जास्त नेपाळच्या मुलींची वाटते.

जरा हिशोब बघा. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांचे तीन अंतिम सामने झाले, तिन्हीत नेपाळ होता आणि तिन्ही तो हरला. २०१० पासून 'सॅफ' महिला अजिंक्यपद ही स्वतंत्र फुटबॉल स्पर्धाही होते; इथलं 'सॅफ' म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, जुन्या 'सॅफ गेम्स'शी त्याची गल्लत नको. तिच्या २०१०, २०१२, २०१४ आणि २०१९ च्या अंतिम सामन्यांत नेपाळ भारताकडून हरला. मग २०२२ आली. काठमांडू, हीच दशरथ रंगशाला. उपांत्य फेरीत नेपाळनं भारताला हरवलं. इतकी वर्षं आडवी येणारी भिंत एकदाची पडली, आणि अंतिम सामन्यात बांगलादेशनं नेपाळला ३-१ असं हरवलं. २०२४ मध्ये तेच मैदान. उपांत्य फेरीत पुन्हा भारतावर मात, यावेळी पेनल्टी शूटआउटमध्ये. आणि अंतिम सामन्यात पुन्हा बांगलादेशकडून १-२.

दोन्ही स्पर्धा मिळून नऊ अंतिम सामने आणि नऊ पराभव. या मुलींचे क्लब म्हणजे सशस्त्र प्रहरी दल, नेपाळ सेना, नेपाळ पोलीस. सरकारी खात्यांच्या या संघांनीच तिथलं महिला फुटबॉल जिवंत ठेवलं. लमजुङ जिल्ह्यातली साबित्रा भंडारी तिथूनच पुढे आली, आधी इस्रायलमध्ये आणि नंतर फ्रान्सच्या गँगाँ क्लबकडून खेळली. नऊ वेळा अंतिम फेरीत जाणं हे अपयश म्हणून मांडलं जातं, तेव्हा राग येतो. नऊ वेळा तिथे पोचायला काय लागतं ते आधी बघा.

(दृश्य : बांगलादेश, मैमनसिंह भाग. शाळेच्या मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या मुली.)

आणि बांगलादेश? तिथल्या बदलाची मुळं प्राथमिक शाळेत आहेत. २०११ मध्ये तिथे मुलींसाठी देशभरातल्या प्राथमिक शाळांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूर नावाच्या खेड्यातल्या शाळेनं ती गाजवली, आणि त्या एका शाळेतून राष्ट्रीय संघाला एकामागून एक खेळाडू मिळाल्या. सातखीराच्या सबिना खातून हिच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये संघानं करंडक जिंकला, तेव्हा ढाक्यात उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. २०२४ च्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल केला रितुपर्णा चाकमानं. ती रांगामाटीची, डोंगराळ भागातली. २०२५ मध्ये तिच्याच दोन गोलांच्या जोरावर बांगलादेशनं म्यानमारला हरवलं आणि पहिल्यांदाच महिला आशिया चषकाची पात्रता मिळवली.

भारतानंही त्याच वर्षी थायलंडला त्यांच्याच चिआंग मायमध्ये २-१ असं हरवून पात्रता मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. दक्षिण आशियातल्या दोन देशांच्या मुली एकाच वेळी आशियाच्या मोठ्या पटावर गेल्या.

दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेची पुढची पाळी पाकिस्तानची आहे. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आहे. राजकारण, सुरक्षा, तारखा या सगळ्यांत वर्षं जातात, आणि खेळाडूचं वय कुणासाठी थांबत नाही. २०१९ मध्ये विशीत असलेली मुलगी आज कारकिर्दीच्या उतारावर आहे. पुरुषांच्या बाबतीत तर २३ वर्षांची अट असल्यामुळे २०१९ ची जवळपास सगळी पिढी या स्पर्धेच्या बाहेर गेली.

स्पर्धा होईल तेव्हा पुरुषांत नेपाळ सलग तिसऱ्या सुवर्णासाठी खेळेल. भारतानं संघ पाठवला, तर त्याच्यासमोर १९९५ पासूनची रिकामी जागा असेल. महिलांत भारत गतविजेता असेल, पण २०२२ आणि २०२४ च्या पराभवांनंतर त्याला कुणी घाबरणार नाही. बांगलादेश दोनदा जिंकलेला सॅफ करंडक घेऊन येईल, आणि नेपाळच्या मुली दहाव्या अंतिम सामन्याच्या शोधात असतील.