मेंदूला मार लागलेला माणूस घरी आला, आता पुढे?

राम राम मंडळी.

[स्टीलची छोटी वाटी कॅमेऱ्यासमोर]

ही वाटी बघा. आमच्या घरात हिला दुसरं कोणी हात लावत नाही. रोज सकाळी वहिनी हिच्यात दोन चमचे साखर मोजून ठेवते. दादाने चहा ठेवला की वाटी पातेल्यात उलटी करायची. वाटी रिकामी दिसली म्हणजे साखर पडली, बस. पूर्वी तो डब्यातून साखर घ्यायचा, घातलेली विसरायचा, परत घालायचा. तो पाक आम्ही सगळे गुपचूप प्यायचो. तीच चूक होती, का ते सांगतो.

दादाचा अपघात पारोळ्याजवळ हायवेला झाला. मोटारसायकल. हेल्मेट घरी खुंटीला. डॉक्टरांनी शुद्धीचे गुण सात सांगितले. त्याला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात, गुण ३ ते १५ असतात, ८ किंवा त्याखाली म्हणजे मार गंभीर. दीड महिन्याने तो घरी आला तेव्हा टाके सुकलेले, काठी घेऊन चालत होता. गाव म्हणालं, वाचला, बरा झाला. रस्ता अपघातासाठी आता सरकारची कॅशलेस योजना आहे, २०२५ पासून, दीड लाखापर्यंत. पण ती पहिल्या सात दिवसांची. आठव्या दिवसापुढचं बहुतेक घरच्यांनाच बघावं लागतं.

पहिला धडा आम्हाला ओट्यावर मिळाला. दादा ब्रश हातात घेऊन पाऊण तास बसायचा. पेस्ट लावलेली. विचारलं की म्हणायचा, "घासतो ना." घासायचा मात्र नाही. काका म्हणाले, "आयतं मिळतंय, आळशी झाला." नाही हो. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, काम सुरू करणं, कशानंतर काय ते ठरवणं, राग आवरणं हे सगळं त्याच्याकडे. कवटी तिथे आतून खडबडीत असते, त्यामुळे डोकं जोरात आपटलं की नेमका तोच भाग ठेचतो. शेतातली मोटार आठवा. विहिरीत पाणी आहे, मोटार चांगली आहे, पण एक फेज नाही. स्टार्टरवर ओरडून काय होणार? दादाच्या कोपराला नुसतं बोट लावलं की हात चालू व्हायचा. काही महिन्यांनी बोटाऐवजी "हं" पुरायला लागलं.

आता साखरेचं. ज्याची नवीन आठवण टिकत नाही, तो चुकला हे त्याच्या लक्षात राहत नाही, पण हाताला मात्र चुकीचीच सवय लागते. म्हणून "चुकू दे, शिकेल" हे इथे चालत नाही. चूक होण्याआधीच अडवायची, बरोबर तेच परत परत हातून करून घ्यायचं. आणि भेटायला येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, "ओळखलं का मला?" हा प्रश्न सोडा. माणूस घामाघूम होतो, चुकीचं नाव घेतो, मग तेच नाव चिकटतं. सरळ म्हणा, "राम राम दादा, मी तुमचा शाळेतला अमका." तुमची परीक्षा नको त्याला.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला. दादाने सदऱ्याच्या गुंडीला हात घातला की आई पुढे. "ऱ्हाऊ दे, मी करस." मायेने करायची. पण मी एकदा मोजलं, सकाळी उठल्यापासून जेवेपर्यंत दादाने स्वतः एकही काम पूर्ण केलं नव्हतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या मॅडम, त्यांनी आईला थांबवलं नाही, हुशारी केली. चहाच्या अकरा पायऱ्या पाडल्या. दहा आईच्या, शेवटची दादाची: गाळलेला चहा कपात ओतून वडिलांना द्यायचा. म्हणजे रोज काम त्याच्या हातून पुरं व्हायचं आणि शाबासकीही त्यालाच. मग गाळणं त्याच्याकडे आलं, मग गॅस बंद करणं. असं उलटं सरकत सरकत पातेलं घेण्यापर्यंत यायला सात महिने लागले. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते हे खरं, पण नंतर दार बंद होत नाही. आमचा चहा दुसऱ्या वर्षातला आहे.

बोलण्याच्या व्यायामाचा एक किस्सा सांगतोच. एका ठिकाणी चित्रं दाखवून नावं विचारायचे. डोळ्याचं चित्र, दादा म्हणाला "डोया". फुली. काळ्या रंगाला "काया". परत फुली. उच्चार सदोष, असा शेरा! अहो, आमच्याकडे आजीपासून सगळे डोयाच म्हणतात. मेंदूला मार लागून ळ गेलेला नाही, तो आमच्या अहिराणीत मुळातच नाही. तेव्हा थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, माणूस घरात काय बोलायचा.

काही गोष्टी मात्र आम्ही अजून त्याला करू देत नाही. विहिरीवर एकट्याने जायचं नाही, फवारणी नाही, गॅसजवळ कोणीतरी हाताच्या अंतरावर हवं. फिट येऊ शकते, म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद नाहीत आणि डॉक्टर लेखी सांगेपर्यंत मोटारसायकल नाही. किल्ली कुठे लपवली ते इथे बोलत नाही, तो हे व्हिडिओ बघतो.

आणि थकवा. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाला, घर भरलं होतं, वाजंत्री, पोरं, वर टीव्ही. दादाने ताट भिरकावलं. आम्हाला वाटलं राग. खरं तर इतके आवाज एकदम वेगळे करता करता मेंदू दमला होता. यंदा त्याला आधी दोन तास झोपवलं, पंगतीत टोकाला बसवलं, पंधरा मिनिटांनी उठवलं. निभावलं.

कागदाचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मेंदूचा मार असा वेगळा प्रकार त्यात नाही. मारामुळे जे उरलं त्यावर प्रमाणपत्र मिळतं: हातपाय, वाचा, इतर. आमच्याकडे आधी फक्त पाय तपासला गेला, कारण काठी दिसते, विसरणं दिसत नाही. तपासणीला जाताना घरातलं एक माणूस सोबत असू द्या आणि दिवसभरात काय काय अडतं ते लिहून न्या. ४० टक्क्यांच्या पुढे बऱ्याच सवलती सुरू होतात, एसटीचीही.

सध्या आमचं गाडं किराणा दुकानावर अडलंय. दादा चिठ्ठी घेऊन एकटा जातो, सामान बरोबर आणतो, पण उरलेले पैसे मागायचे राहतात. दुकानदार भला माणूस, न मागता हातात देतो. मग दादाला मागायची गरजच पडत नाही. परवा मी दुकानदाराला सांगून आलो, पैसे गल्ल्यावर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा. तो म्हणाला, "दहापर्यंत? गिऱ्हाईकं उभी असतात हो माझी."

सातवर तोड निघाली आहे.