बाळाला बसवू नका, त्याचं त्याला बसू द्या

नमस्कार! बाळ पाच महिन्यांचं झालं की घरात कुणीतरी उशा गोळा करतंच. दोन बाजूंना दोन, एक पाठीमागे आणि मधोमध बाळ. फोटो छान येतो! पण त्या बाळाकडे नीट बघा. पाठ गोल झालीये, दोन्ही हात टेकू द्यायला खाली. समोरचं खेळणं जरा लांब गेलं की रडणं सुरू, कारण त्याला तिथून हलताच येत नाही. बसवलं तुम्ही, आता उठवायचंही तुम्हीच.

एमी पिक्लर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ. १९४६ साली त्यांनी बुडापेस्टमध्ये बालगृह सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या स्थितीत बाळ स्वतःहून येत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवायचं नाही.

मग ते बसायला शिकणार कसं? जमिनीवर सोडा आणि बघा. रांगायच्या बेतात असलेलं बाळ थांबतं, एका हातावर भार देतं, कुल्ला तिरका मागे नेतं... आणि कोलमडतं. पुन्हा तेच. एक दिवस कुल्ला टेकतो, हात सुटतो, बसलं की! या मधल्या धडपडीतच तोल सांभाळायला आणि नीट पडायलाही ते शिकतं. उशांमध्ये बसवलं की नेमका हाच भाग गाळला जातो.

एका बाबतीत मात्र मी पिक्लरबाईंचं ऐकत नाही. बाळ स्वतः पालथं होईपर्यंत त्या त्याला पाठीवरच ठेवायच्या. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, की जागं असताना, थोडं थोडं करून, दिवसाला निदान ३० मिनिटं पोटावर ठेवा. मला हे पटतं. रडलं तर आधी तुमच्या छातीवर पालथं घ्या. झोपवताना मात्र पाठीवरच.

बाकी सामान फार लागत नाही. सपाट, टणक चटई, उघडे पाय, आणि खेळणं हातात न देता थोडं बाजूला ठेवलेलं.

आणि वॉकर? नको. त्यात बाळ चालत नाही, नुसतं वेगाने घरंगळतं, जिन्यापर्यंतसुद्धा. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

"शेजारचं बाळ चालायलाही लागलं!" लागू दे हो. निरोगी बाळं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागतात. काही जण तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत.

पण वाट बघत बसायचं नाही, अशाही गोष्टी आहेत. बाळ एकाच बाजूचा हात-पाय वापरतंय, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतंय, येत असलेली हालचाल बंद झालीये, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही. यातलं काहीही दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.