हिंजवडी : आयटी पार्कातली ग्रामपंचायत

(दृश्य : पावसाळी सकाळ, फेज एकचा रस्ता)

काचेच्या इमारतींची रांग, खाली साचलेलं पाणी आणि त्यात अडकलेल्या कंपन्यांच्या बस. हे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, तालुका मुळशी. डोक्यावर मेट्रोचा मार्ग आहे, कारभार मात्र तीन ठिकाणी. पार्कातले रस्ते आणि गटारं एमआयडीसीकडे, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे, बाहेरच्या टॉवरांची बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि गावातला कचरा, नळपाणी, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. वरच्या हद्दीत ओढा पाइपात कोंबला, की खालच्या हद्दीत रस्त्यावर तळं होतं.

(दृश्य : ड्रोन, टॉवर आणि मधली भातखाचरं)

यातून बाहेर पडायच्या वाटा तीन. पहिली नगरपंचायत किंवा नगरपरिषद होण्याची. महाराष्ट्रात गावाचं शहर होतं ते १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं. नगरपंचायतीसाठी, म्हणजे गाव आणि शहर यांच्या मधल्या पायरीसाठी, लोकसंख्या १० ते २५ हजार आणि बिगरशेती रोजगार किमान २५ टक्के लागतो. थेट नगरपरिषद हवी असेल, तर लोकसंख्या किमान २५ हजार, दर चौरस किलोमीटरला ३०० माणसं आणि बिगरशेती रोजगार ३५ टक्के.

निकष सोपे वाटतात. गोम ‘लोकसंख्या’ कुठली धरायची, यात आहे. कायदा धरतो ती आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची, म्हणजे २०११ ची. या ड्रोनच्या चौकटीतले कितीतरी टॉवर त्यानंतरचे. त्यातले भाडेकरू, पीजीतली पोरं, लेबर कॅम्पातली कुटुंबं रोज पाणी वापरतात, कचरा टाकतात. शहर करण्याच्या प्रस्तावात त्यांची संख्या शून्य. घनता काढतानाही भागायचं ते प्रस्तावित हद्दीच्या सगळ्या क्षेत्रानं. ही भातखाचरं, तो डोंगर, सगळं त्यात आलं.

(दृश्य : ग्रामपंचायतीचा सूचना फलक)

आकडे जुळले, की शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात उद्घोषणा काढतं. हरकतींना किमान ३० दिवस मिळतात. हरकत लेखी, कारणासह, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची आणि पोच घ्यायची. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा सर्व्हे नंबर आणि हद्दीची चूक दाखवणारा एक अर्ज जास्त कामाचा. जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल गेला, की अंतिम अधिसूचना निघते. ग्रामपंचायत संपते, प्रशासक येतो, प्रभाग पडतात. गंमत म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीत सदस्य १७ आणि नगरपंचायतीत नगरसेवकही १७. फरक पडतो तो कारभारात : ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या जागी मुख्याधिकारी बसतो.

दुसरी वाट औद्योगिक नगरीची, म्हणजे उद्योगांच्या क्षेत्रासाठी वेगळ्या कारभाराची. तिथं निवडून आलेली नगरपालिकाच नसते, म्हणजे मतदाराला जाब विचारायला नगरसेवक नाही.

(दृश्य : माण रस्ता, संध्याकाळची कोंडी)

तिसरी वाट पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाण्याची. हिंजवडीसह माण, मारुंजी, जांबे, नेरे, गहुंजे, सांगवडे ही सात गावं घेण्याचा विषय जुना आहे. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावं घेतली. आधीच्या ११ मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढं वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढावी लागली, हेही लक्षात असू द्या.

शहर झालं, की ग्रामसभा जाते, केंद्राच्या ग्रामीण रोजगार योजनेचं काम थांबतं, घरपट्टीचं गणित बदलतं.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गणनेच्या काळात हद्दी गोठवलेल्या असतात आणि नवे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत प्रस्तावाला २०११ चाच तक्ता जोडावा लागतो.