धूर, वनौषधी आणि कच्चे अक्रोड

मेझ्काल हे अगावे या वनस्पतीपासून केलेले मेक्सिकोचे मद्य; ते, वनौषधींची एक लिक्यूर (गोड, स्वादयुक्त मद्य) आणि कच्च्या अक्रोडांची एक लिक्यूर मिळून आपण एक कॉकटेल करणार आहोत. पडद्यावर दिसणारा हा खड्डा म्हणजे मेझ्कालची भट्टी. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात अशा खड्ड्यांच्या तळाशी लाकूड पेटवतात, त्यावर दगड रचतात आणि दगड चांगले तापले की पाने छाटलेले अगावेचे गड्डे, म्हणजे घायपाताच्या कुळातल्या वनस्पतीचे गाभे, त्यावर टाकून वरून माती लोटतात. गड्डे तीन ते पाच दिवस आत भाजत राहतात आणि याच काळात धूर त्यांच्यात मुरतो. टकीला या अगावेच्याच दुसऱ्या मद्यासाठी मात्र अगावे सहसा वाफेवर शिजवले जाते, त्यामुळे टकीलात हा गंध सापडत नाही. पेल्यावर यंत्राने धूर सोडण्याची जी पद्धत हल्ली दिसते, तिचा या पेयाशी काडीचाही संबंध नाही.

या कॉकटेलसाठी एस्पादिन जातीच्या अगावेपासून केलेले आणि पिंपात न मुरवलेले मेझ्काल घ्यावे. हे अगावे तयार व्हायलाच साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. त्याच्या धुरामागे भाजलेल्या गड्ड्याचा गोडवा आणि किंचित मिरपुडीसारखा तिखटपणा असतो. सोबतीला घेतलेल्या लिक्यूरांनी हा गोडवा उचलून धरला पाहिजे, धूर झाकता कामा नये.

वनौषधींच्या बाजूने पिवळी शार्त्रूज ही लिक्यूर उत्तम पर्याय आहे. फ्रान्समधील कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाचे मठवासी ती 1838 पासून तयार करतात. हिरव्या शार्त्रूजमध्ये 55 टक्के अल्कोहोल असते आणि तिचा तीव्र, झणझणीत स्वभाव धुराशी झोंबाझोंबी करतो. पिवळी त्या मानाने सौम्य आणि मधाळ असल्यामुळे मेझ्कालशी सहज जुळते. न्यूयॉर्कमध्ये 2011 मध्ये होआकिन सिमो या बारटेंडरने मेझ्काल, पिवळी शार्त्रूज, अपेरोल ही कडवट-गोड इटालियन लिक्यूर आणि लिंबाचा रस समप्रमाणात घेऊन ‘नेकेड अँड फेमस’ हे कॉकटेल घडवले, तेव्हापासून ही जोडी बारटेंडरांच्या चांगलीच परिचयाची झाली आहे.

कवचफळांच्या लिक्यूरची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते. पटकन आठवते ती आमारेत्तो. तिची बदामी चव बऱ्याचदा जर्दाळूच्या बियांतून आलेली असते आणि तिचा गोडवा धुरावर जाड थरासारखा बसतो. त्यापेक्षा इटलीची नोचिनो ही लिक्यूर सरस ठरते. ती कच्च्या, हिरव्या अक्रोडांची असते आणि हे अक्रोड परंपरेने 24 जूनच्या सुमारास, संत योहानाच्या सणाला, तोडले जातात. त्या वेळी आतले कवच टणक झालेले नसल्यामुळे सुरी अक्रोडातून आरपार जाते. फोडी मद्यात मुरल्या की रंग जवळजवळ काळा होतो आणि अक्रोडाचा तुरटपणा त्यात उतरतो. हा तुरटपणाच शार्त्रूजचा मधाळपणा आटोक्यात ठेवतो.

आता मापाकडे वळू. मेझ्काल 45 मिलिलिटर, पिवळी शार्त्रूज 15 आणि नोचिनो 10. यात फळांचा रस नाही, म्हणून शेकरमध्ये हलवण्याऐवजी मोठ्या काचपात्रात भरपूर बर्फावर अर्धा मिनिट लांब चमच्याने ढवळावे. हलवल्यास हवा आणि बर्फाची कच आत शिरून पेय गढूळ होते. वितळणारे पाणी हासुद्धा या पेयाचा घटकच आहे, कारण त्याशिवाय मद्याची धग इतर सर्व चवींवर मात करते. पेय गाळून थंड पेल्यात ओतावे आणि संत्र्याच्या सालीचा पातळ काप, रंगीत बाजू खाली धरून, पेल्यावर दुमडावा म्हणजे तेलाचे बारीक तुषार पृष्ठभागावर पसरतात. सालीखालचा पांढरा भाग कडवट असतो, तो काढून टाकावा.

नोचिनोचा गोडवा उत्पादकागणिक बदलतो, म्हणून ढवळण्यापूर्वी ती थेंबभर चाखून पाहावी. ती फार गोड लागली, तर तिचे माप सात मिलिलिटरपर्यंत खाली आणावे. मेझ्कालचे माप वाढवून गोडवा दाबू पाहिल्यास पेय तेवढे जहाल होते आणि अक्रोडाचा मागमूसही उरत नाही.