पाण्याची फेरी

[घरगुती जलतरण तलाव. पंप बंद.]

रात्रभर पंप बंद होता. आता पाण्याकडे बघा. पानं, मेलेले किडे, अंगाला लावलेल्या क्रीमचा तेलकट तवंग, सगळं वरच तरंगतंय. ही घाण तळाशी बसण्याआधीच वरच्या वर उचलली, तर पुढची बरीच मेहनत वाचते. म्हणून पाण्याची फेरी सुरू होते स्किमरपासून.

[स्किमरचं तोंड, अगदी जवळून. पंप सुरू होतो.]

तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या रेषेवर असलेली ही चौकोनी खिडकी. तिच्या तोंडाशी एक तरंगती झडप आहे. पंप सुरू झाला की झडप आत झुकते आणि तिच्या काठावरून पाण्याचा फक्त वरचा पातळ थर आत येतो. पंप थांबला की ती पुन्हा उभी राहते, आत आलेलं पान बाहेर जाऊ देत नाही. पातळी या खिडकीच्या साधारण मध्यावर हवी. फार खाली गेली, तर इथे भोवरा होतो आणि पाण्यासोबत हवाही पाइपात शिरते. फार वर गेली, तर झडप बुडते आणि तवंग जिथल्या तिथे राहतो.

दुसरी वाट तळातल्या मेन ड्रेनमधून, म्हणजे जाळी लावलेल्या तोंडातून. खालचं पाणी साचून राहू नये म्हणून थोडं पाणी इथूनही ओढतात.

या ड्रेनपाशी थोडं थांबायलाच हवं. पंपाची सगळी ओढ एकाच जाळीवर आली आणि ती जाळी कुणाच्या अंगाने झाकली गेली, तर मोठ्या माणसालाही स्वतःला सोडवता येत नाही. लहान मुलांचे जीव गेले आहेत. अमेरिकेत 2007 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तळाला किमान दोन ड्रेन हवेत, एकमेकांपासून तीन फूट तरी लांब आणि एकाच लाइनला जोडलेले, म्हणजे एक झाकला गेला तरी पाणी दुसऱ्यातून येतं. त्यातला एकच ड्रेन बंद करता येईल असा व्हॉल्व्ह मध्ये बसवू नये. झाकण तडकलं किंवा त्याचा स्क्रू निघाला, तर आधी पंप बंद करा आणि नवं झाकण बसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

[पंपघर. दोन पाइप एका व्हॉल्व्हला येऊन मिळतात.]

स्किमर आणि ड्रेन यांचे पाइप इथे तीनमार्गी व्हॉल्व्हला मिळतात. हँडल जिकडे फिरवाल, तिकडची ओढ कमीजास्त होते. पानगळीच्या दिवसांत स्किमरला झुकतं माप द्यावं, एरवी दोन्हीकडून थोडं थोडं.

इथून पंपापर्यंतचा पाइप म्हणजे सक्शन लाइन. घरगुती तलावांच्या निम्म्या तक्रारी याच तुकड्यात दडलेल्या असतात, असं माझं ठाम मत आहे. स्ट्रॉला बारीक चीर गेली की कितीही ओढलं तरी तोंडात हवाच येते, इथेही तसंच. या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पंप चालू असताना सांध्यातून पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. फरशी कोरडी दिसते आणि गळती कुठेच नाही असं वाटत राहतं.

[पंपाचं पारदर्शक झाकण. आत पाणी, वरच्या बाजूला हवेचा फुगा.]

हे झाकण नीट बघा. आतलं भांडं पाण्याने गच्च भरलेलं हवं. वर हवेचा असा फुगा दिसत असेल, तलावात परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे येत असतील, तर हवा कुठून तरी शिरते आहे. बहुतेक वेळा दोष या झाकणाखालच्या रबरी रिंगचाच असतो. ती वाळते, चपटी होते, तिच्या खाचेत वाळूचा कण अडकतो. रिंग पुसावी, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा, झाकण बसवावं. एवढ्यानं भागलं नाही, तरच सांधे तपासायला घ्यावेत.

आणि पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज आला तर? पंपाला हवं तेवढं पाणी मिळत नाहीये. पंपाच्या भांड्यातली जाळी तुंबली असेल, व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल, नाहीतर पाइपच्या मानाने पंप फार मोठा असेल.

यातलं शेवटचं कारण सर्रास सापडतं. पाणी साफ राहत नाही म्हणून जास्त अश्वशक्तीचा पंप आणतात, पाइप मात्र जुनाच. थोडा हिशोब करू. तलाव 50 हजार लीटरचा आणि तेवढं पाणी एकदा फिरवायला, म्हणजे एका फेरीला, आठ तास धरले, तर मिनिटाला साधारण 104 लीटर पाणी फिरायला हवं. दीड इंची पाइपात तेवढ्यासाठी सेकंदाला सुमारे 1.3 मीटर वेग लागतो, दोन इंचीत 0.8 मीटर. सक्शनला सेकंदाला 1.8 मीटरच्या आत राहावं, असा संकेत आहे. म्हणजे साध्या पाइपालाही हे काम जड नाही. आणि तेवढंच पाणी दोन इंची पाइपातून नेलं, तर घर्षणात जाणारा दाब एक तृतीयांशाच्याही खाली येतो. माझं मत विचाराल तर पैसे पाइपावर खर्च करावेत, मोटरवर नाही.

[फिल्टर. वरचा प्रेशर गेज, काटा हलताना.]

पंपाच्या पुढे दाब वाढतो. इथला सांधा मात्र खरंच गळतो, पाणी डोळ्यांना दिसतं. फिल्टरवरचा गेज बघायची सवय लावून घ्या. फिल्टर नुकताच धुतलेला असताना काटा जिथे असेल, तिथे पेनने खूण करा. त्यापेक्षा आठ ते दहा पीएसआय (दाब मोजायचं एकक) वर गेला की फिल्टर धुवायची वेळ झाली. काटा खुणेच्या खाली उतरला, तर फिल्टरला हात लावू नका. अडचण अलीकडे आहे, जाळीत, स्किमरमध्ये किंवा शिरलेल्या हवेत.

वाळूचा फिल्टर उगाच धुणंही बरं नाही. थोडी घाण धरलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक कण अडवते. पाण्याचा लोट फार जोराचा असेल, तर तो वाळूत वाटा पाडतो आणि घाण तशीच पलीकडे निघून जाते. फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं हँडल पंप चालू असताना कधीही फिरवू नका. आतला गॅस्केट फाटला की पाणी हळूहळू बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतानाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून वाहून जातं आणि पातळी का उतरते हे कळत नाही.

फिल्टरनंतर हीटर, आणि पाण्यात क्लोरीन सोडणारा क्लोरिनेटर सगळ्यांत शेवटी. तीव्र क्लोरीनचं पाणी हीटरमधल्या धातूला खातं. त्यामुळे दोघांच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबल्यावर ते पाणी मागे सरकतं.

[तलावाच्या भिंतीतलं रिटर्नचं तोंड. हात त्याची दिशा वळवतो.]

साफ झालेलं पाणी इथून परत येतं. ही गोल तोंडं वळवता येतात, तरी बसवल्या दिवसापासून तशीच राहिलेली असतात. सगळी एकाच अंगाला, जरा खाली झुकवून वळवा, म्हणजे पूर्ण तलाव संथपणे फिरू लागतो आणि तरंगता कचरा स्किमरकडे सरकतो. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात पाणी हलत नाही. शेवाळ पहिलं तिथेच धरतं, कारण औषध तिथवर पोचतच नाही.

तलावाइतकं पाणी एकदा फिल्टरमधून गेलं, म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असंही नाही. साफ पाणी तलावातल्या पाण्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत सुमारे 63 टक्केच पाणी गाळलं जातं. उरलेलं पुढच्या फेऱ्यांत.

[वेग बदलता येणारा पंप. पॅनेलवरचे आकडे उतरत जातात.]

म्हणून संथ आणि जास्त वेळ. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. दुप्पट वेळ चालवूनही वीज एक चतुर्थांशच. मोटरमधला तोटा धरला तर बचत थोडी कमी होते, तरी मोठीच राहते.

वेग ठरवायचा कसा? पायरी-पायरीने उतरवत जा आणि स्किमरची झडप बघत राहा. ती आत झुकायची थांबली की एक पायरी वर या. क्लोरिनेटरचा फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का हे ओळखणारा स्विच, त्या वेगावर चालू राहतो का, तेही बघा. हीटर लावायचा असेल, तर तेवढ्या वेळापुरता वेग वाढवा. आणि फिल्टर धुताना पूर्ण जोर द्या, कारण तळापासून वाळू उचलायला तेवढा लोट लागतोच.